धानाची लोंबी आणि जनुकांचे गणित

सिंदेवाहीहून नागभीडकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या दोन्ही अंगांस जो धानपट्टा पसरला आहे, त्यातील नांदेड नावाच्या लहानशा गावात, जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले आणि दीडएक एकराचे धनी असलेले दादाजी रामाजी खोब्रागडे यांना १९८३ साली 'पटेल ३' या वाणाच्या बांधीत इतरांहून निराळ्या, पिवळसर दाण्यांच्या तीन लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, पुढल्या हंगामात रानडुकरांपासून जपण्यासाठी काट्यांचे कुंपण करून एका चिमुकल्या जागेत पेरल्या, आणि वर्षानुवर्षे त्यांतून निवड करीत जे वाण सिद्ध केले ते 'एचएमटी' या नावाने देशभर पोहोचले. आनुवंशिकीतील संशोधनाचे मर्म ज्यांना विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवायचे आहे, त्यांनी या घटनेकडे कौतुकापलीकडे जाऊन पाहावे, असे मला वाटते. कारण भेद दिसणे, तो भेद टिकतो की नाही हे पिढ्यान्‌पिढ्या तपासणे, आणि तपासताना वेगळे ते वेगळे राखणे, या तीन गोष्टींवरच हे संपूर्ण शास्त्र उभे आहे, आणि आज ज्याला संगणकीय जीवशास्त्र म्हणतात ते याच तीन गोष्टी कोट्यवधी अक्षरांच्या राशीवर करण्याचे साधन आहे.

सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी, नागभीड, आरमोरी, गडचिरोली येथील महाविद्यालयांतून जीवशास्त्राच्या पदवीच्या व पदव्युत्तर वर्गांना प्रकल्प देणारे जे अध्यापक आहेत, त्यांना उद्देशून मी हे लिहीत आहे. आपल्याकडील शिरस्ता असा, की जून-जुलैत विषयांची यादी सूचनाफलकावर लागते, विद्यार्थी चिठ्ठी उचलल्याप्रमाणे त्यांतील एक विषय घेतो, मागील वर्षीचा प्रबंध समोर ठेवून त्याच पायऱ्या चढतो, आणि शेवटी रंगीत आलेखांची काही पाने जोडून दप्तरी दाखल करतो. यात श्रम होतात. पण जो प्रश्न विद्यार्थ्याचा नव्हता, त्याच्या उत्तराशीही त्याचे काही नाते जुळत नाही, आणि परीक्षकाने पहिलाच वाकडा प्रश्न विचारताच हे उघडे पडते. म्हणून माझा पहिला आग्रह असा, की आरंभीचे काही आठवडे विषय न देता काढावेत. विद्यार्थ्याला त्याच्या गावातले, त्याच्या घरातले दहा प्रश्न लिहून आणण्यास सांगावे, आणि मग दोघांनी बसून त्यांतील कोणत्या प्रश्नाला मोजमापाने उत्तर देता येईल, कोणत्याला देता येणार नाही, आणि का, याची शांतपणे छाननी करावी. शेजारच्या बांधीत गादमाशीचे चंदेरी पोंगे दिसतात आणि आमच्या बांधीत नाहीत, हे वाणामुळे की रोवणीच्या तारखेमुळे? दोन गावांत एकाच नावाने पिकणारे धान खरोखर एकच आहे काय? चिन्नोरला वास येतो तो कशामुळे, आणि काही शेतांत तो का उणावतो? हे प्रश्न या मातीतले आहेत, आणि यांतील प्रत्येकाच्या मागे जनुकशास्त्राचे एकेक प्रकरण उभे आहे.

चिन्नोरच्या वासाचा प्रश्न जरा तपशिलाने पाहू, कारण मार्गदर्शकाने नेमके काय करावे हे त्यावरून चांगले उमगते. धानाच्या बारा गुणसूत्रांवरील सुमारे ३८ कोटी ९० लाख अक्षरांचा आराखडा आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने २००५ साली प्रसिद्ध केला, आणि त्यातील अकराव्या गुणसूत्राच्या कामात भारतीय प्रयोगशाळांचाही वाटा होता. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले, की बासमती व जास्मिन यांसारख्या सुवासिक वाणांत आठव्या गुणसूत्रावरील 'बीएडीएच२' या जनुकाच्या सातव्या खंडातून आठ अक्षरे गळालेली असतात. त्यामुळे त्या जनुकापासून होणारे प्रथिन निकामी होते आणि २-अॅसिटाइल-१-पायरोलीन हे सुगंधी द्रव्य दाण्यात साठू लागते. हे सारे विद्यार्थ्याला व्याख्यानातून सांगून टाकणे सोपे आहे. तसे करू नये. त्या खंडाची सुवासिक व बिनवासाची अशी दोन रूपे कागदावर छापून घ्यावीत, हाती पेन्सिल द्यावी, आणि अक्षरांचे तीन-तीनचे गट पाडावयास सांगावे. गळालेल्या आठ अक्षरांपाशी आल्यावर पुढचे सगळे गट सरकतात आणि 'येथे थांबा' अशी खूण अवेळी समोर येते, हे त्याचे त्यालाच दिसले पाहिजे. मग विचारावे, की आठांऐवजी नऊ अक्षरे गळाली असती तर काय झाले असते? काही विद्यार्थी चटकन सांगतील, काही घरी जाऊन रात्रभर कागद खरडतील. परंतु प्रथिनातील तीन घटक कमी होऊनही पुढचे वाचन बिघडत नाही, हे ज्याने स्वतः शोधले, त्याला पुढे संगणकाने दाखविलेल्या कोणत्याही निष्पत्तीकडे डोळस दृष्टीने पाहता येते. यानंतर, आपल्या चिन्नोरमध्ये हीच आठ अक्षरे गळालेली आहेत की सुवासाची वाट काही निराळीच आहे, हा प्रश्न तो आपण होऊनच विचारील, आणि तो विचारील त्या दिवशी त्याचा प्रकल्प सुरू झाला असे समजावे.

संगणकावर बसवण्यापूर्वी कागदावर बसवावे, या मताच्या पुष्ट्यर्थ एक जुना दाखला आठवतो. १९११ साली कोलंबिया विद्यापीठात आल्फ्रेड स्टर्टेव्हंट हा पदवीच्या वर्गातील विद्यार्थी, आपले गुरू टॉमस हंट मॉर्गन यांच्याशी झालेल्या संभाषणातून सुचलेली कल्पना घेऊन, फळमाशीच्या संकरांचे आकडे घरी घेऊन गेला आणि नेमून दिलेला अभ्यास बाजूला सारून रात्रीतून जनुकांचा पहिला नकाशा मांडून परत आला. १९१३ साली तो निबंध त्या एकट्याच्या नावाने प्रसिद्ध झाला. मॉर्गन यांनी आकडे हातात दिले, विश्वास दिला, आणि नावही त्याचेच राहू दिले. मार्गदर्शकाने यापेक्षा अधिक काय द्यावयाचे? याच परंपरेतील दुसरे नाव आपल्या अधिक जवळचे आहे. गोव्यात जन्मलेले आणि त्या काळी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी, एका ठिकाणची अदलाबदल शेजारच्या अदलाबदलीला कशी आवर घालते याचा हिशेब धरून, जनुकांमधील अंतर मोजण्याचे एक सूत्र १९४०च्या दशकात सिद्ध केले. आजही धानाचा जनुकीय नकाशा करताना संगणकाच्या पडद्यावर 'हाल्डेन की कोसंबी' असा पर्याय विचारला जातो, आणि आपला विद्यार्थी, ते कोसंबी कोण याची कल्पना नसताना, बटण दाबून पुढे जातो. त्याला तेथेच थांबवावे. ती दोन्ही सूत्रे कागदावर मांडून, वीस टक्के अदलाबदलीला प्रत्येकाने किती अंतर येते ते काढावयास लावावे. हाल्डेनच्या सूत्राने ते साडेपंचविसाच्या आसपास येईल, कोसंबींच्या सूत्राने एकवीसच्या किंचित वर. हा फरक कोठून आला हे ज्याला सांगता येते, त्याने ते बटण खुशाल दाबावे.

यंत्रसामग्रीचा बाऊ करण्याचे कारण नाही. संपूर्ण जनुकसंचाचे कच्चे वाचन उतरवून घेण्याचा आग्रह धराल, तर एकेका नमुन्यामागे कित्येक गिगाबाइटांचा भार येईल आणि येथील जोडणीवर तो रात्रभर लटकून राहील. परंतु एकच गुणसूत्र, किंबहुना एकच जनुक आणि त्याच्या आगेमागेचा प्रदेश घेतला, तर साधा लॅपटॉप, 'आर' किंवा 'पायथन' ही विनामूल्य भाषा आणि 'गॅलक्सी'सारखे परस्थ संगणकावर चालणारे विनामूल्य साधन एवढ्यावर वर्षभराचे उत्तम काम उभे राहते. तीन हजार धानवाणांचे आराखडे २०१४ पासून सर्वांसाठी खुले आहेत. तेव्हा दुर्गम तालुक्यात आहोत म्हणून मोठे काम होत नाही ही सबब आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. मात्र पहिले काम नेहमी असे द्यावे, की ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे. दुसऱ्या कोणी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष विद्यार्थ्याने त्याच माहितीवरून पुन्हा काढून दाखवावा; तो जुळला नाही तर का जुळला नाही हे शोधण्यात जे शिक्षण होते, ते नव्या शोधाच्या घाईत कधीही होत नाही.

संगणकाने दिलेल्या उत्तरावर शंका घेण्याची सवय ही मार्गदर्शकाने मुद्दाम लावावयाची सवय आहे, कारण छापील आकड्याचा दरारा आपल्या समाजात मोठा आहे. हजार खुणा तपासल्या आणि प्रत्येकीला पाच टक्क्यांची कसोटी लावली, तर काहीही संबंध नसताना पन्नासएक खुणा 'महत्त्वाच्या' म्हणून समोर येतील, हे साधे गणित विद्यार्थ्याने गुणसूत्रांचा पहिला आलेख काढण्याच्या आधी करावे. दोन गावांचे नमुने दोन निराळ्या दिवशी, दोन निराळ्या हातांनी तयार केले असतील, तर दिसणारा फरक गावांचा की दिवसांचा हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. म्हणून नमुने मिसळून, सरमिसळ क्रमाने घ्यावेत. आणि तक्ते ठेवण्याच्या नेहमीच्या कार्यक्रमावर तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. 'मार्च १', 'सेप्ट २' अशी नावे धारण करणाऱ्या मानवी जनुकांना तो कार्यक्रम तारखा समजून बदलून टाकीत असे, आणि हा घोटाळा जगभरच्या प्रसिद्ध निबंधांत इतका पसरला, की शेवटी २०२० साली नामकरण समितीने त्या जनुकांचीच नावे बदलली.

नोंदवहीविषयी मी कठोर आहे, आणि मार्गदर्शकाने कठोर असावे असेच माझे मत आहे. महसुली दप्तरात ज्याप्रमाणे फेरफाराची नोंद तारीख, कारण आणि सही यांशिवाय होत नाही, त्याप्रमाणे संशोधनाच्या रोजनाम्यात कोणता नमुना कोठून आला, कोणी घेतला, कोणत्या दिवशी कोणती आज्ञावली कोणत्या आवृत्तीने चालवली, आणि काय फसले, हे त्याच दिवशी लिहिले गेले पाहिजे. पऱ्ह्यातील कोवळी पाने डीएनएसाठी घेताना पुडीवर पेन्सिलीनेच लिहावे. शाई चिखलपाण्यात आणि प्रयोगशाळेतील मद्यार्कात धुऊन जाते. पाने सिलिका जेलच्या पुडीत सुकवून ठेवली, तर अकोला वा नागपूरपर्यंतचा प्रवास ती सुखरूप करतात. कच्च्या माहितीच्या मूळ प्रतीला हात लावू नये, तिची नक्कल करूनच काम करावे, आणि एक प्रत महाविद्यालयात, एक अन्यत्र, अशा दोन जागी ठेवावी. दर आठवड्यास मार्गदर्शकाने वही मागवून वाचावी आणि खाली सही करावी. विद्यार्थ्याला हा तगादा प्रथम जाचक वाटतो. तरीही ढिलाई करू नये.

आपल्या भागाचे हवामान, हंगाम आणि घराघरांची अडचण यांचा हिशेब वेळापत्रकात धरला नाही, तर विद्यार्थी गैरहजर राहतो आणि आपण त्याला निष्काळजी ठरवतो, हा अन्याय मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे. आषाढ-श्रावणात रोवणीची मजुरी, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि चुरणा, फाल्गुन-चैत्रात मोहफुले, वैशाखात तेंदूपाने: या दिवसांवर कित्येक घरांची वर्षाची मिळकत अवलंबून असते, आणि त्या दिवसांत मुलगा बांधीत किंवा मुलगी जंगलात असणारच. तेव्हा नमुने गोळा करण्याचे काम रोवणीच्या दिवसांशी जोडावे, संगणकाचे काम पौष-माघात घ्यावे, आणि लेखन तेंदूच्या हंगामापूर्वी संपवावे. सिंदेवाही आणि ब्रह्मपुरीच्या जंगलालगतच्या शेतांत वाघाचा वावर आहे, माणसे मृत्युमुखी पडली आहेत. कोणत्याही विद्यार्थ्याला एकट्याने किंवा झुंजुमुंजू व तिन्हीसांजेच्या वेळी नमुना आणण्यास पाठवू नये. नमुना दुसऱ्या दिवशीही मिळतो.

भाषेच्या बाबतीतही थोडी सहनशीलता हवी. घरी झाडीबोली किंवा गोंडी बोलणारा, मराठीत शिकलेला विद्यार्थी इंग्रजी निबंध वाचताना अडखळतो तो बुद्धीमुळे अडखळत नाही. प्रत्येक निबंध वाचल्यावर त्याचा सारांश त्याने प्रथम आपल्या भाषेत तोंडी सांगावा. त्यात गफलत सापडली तर तिचा निकाल तेथेच लावावा. मग इंग्रजी लेखनाकडे वळावे. पारिभाषिक संज्ञा जशाच्या तशा राहिल्या तरी हरकत नाही, विचार मात्र त्याचा त्याला स्वच्छ दिसला पाहिजे.

माणसांच्या आनुवंशिकीवर काम करण्याचा मोह येथे होणे साहजिक आहे, कारण सिकलसेलचा प्रश्न आपल्या दारात आहे. मध्य भारतातील त्याचा आढळ नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात नोंदवला होता. गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांनीही त्याकडे लक्ष वेधले. आणि २०२३ साली केंद्र शासनाने २०४७ पर्यंत या व्याधीच्या निर्मूलनाची मोहीम जाहीर केली. बीटा-ग्लोबिन जनुकातील एका अक्षराच्या बदलाने सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढ्याशा फरकाचा हा सारा खेळ आहे. वर्गात याचे गणित अवश्य करावे. समजा एखाद्या समाजात शंभरात पंधरा वाहक आहेत. तर हार्डी-वाइनबर्ग यांच्या नियमाने त्या अक्षराचे प्रमाण शंभरात आठच्या वर येते आणि दीडशे जन्मांमागे सुमारे एक बालक रुग्ण ठरते. मग विद्यार्थ्याने विचारावे, की प्रत्यक्ष आकडा यापेक्षा निराळा का असू शकेल? जमातीअंतर्गत होणारे विवाह आणि निदान न होताच बालपणी ओढवणारे मृत्यू या दोन कारणांपर्यंत तो आपणच पोहोचेल. परंतु वर्गमित्रांचे रक्त काढून तपासण्याचा प्रकल्प कदापि देऊ नये. वाहक असल्याची कुणकुण लागताच एखाद्या मुलीचे लग्न मोडू शकते, हे आपण सारे जाणतो. नीतिविषयक समितीची मंजुरी, लेखी संमती, गुप्ततेची व्यवस्था आणि समुपदेशनाची सोय यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर प्रसिद्ध झालेल्या, नावे काढून टाकलेल्या माहितीवरच काम करावे.

बियाण्यांच्या नमुन्यांनाही संमती लागते, हे मात्र पुष्कळ जण विसरतात. धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखा या गावाने कोणताही निर्णय घेण्यापूर्वी अभ्यासगटात बसून विषय समजून घेण्याची आणि सर्वसहमतीने ठरवण्याची जी वहिवाट पाडली, ती संशोधकांनाही अनुकरणीय आहे. गावात जाऊन प्रथम काय शोधायचे आहे, बियाणे कोठे जाणार, त्याचे काय होणार, हे बैठकीत सांगावे, शंका ऐकाव्यात, आणि मगच पुडी भरावी. २००२ सालच्या जैवविविधता कायद्यान्वये स्थानिक समितीस याबाबत अधिकार आहेत, आणि २००१ सालच्या कायद्याने शेतकऱ्याला आपले वाण आपल्या नावे नोंदवण्याचा हक्क दिला आहे. हे दोन्ही कायदे विद्यार्थ्याने मुळातून वाचलेले असावेत. एचएमटीचे बियाणे १९९४ साली सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रात गेले, आणि १९९८ साली कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' हे शुद्ध केलेले वाण प्रसारित केले. त्यानंतर मूळ निवड करणाऱ्याच्या श्रेयाविषयीचा वाद बरीच वर्षे चालला, आणि २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते खोब्रागडे यांचा गौरव झाला तोवर वाण त्यांच्या नावावाचूनच दूरदूर पोहोचले होते. शुद्धीकरणाचे शास्त्रीय काम मोलाचे असते, याबद्दल दुमत नाही; पण पहिली नजर ज्याची, त्याचे नाव पहिल्या कागदावर असावे, हे मी विद्यार्थ्यांना सांगताना कधीही संकोचत नाही. म्हणून नमुना देणाऱ्या शेतकऱ्याचे नाव, त्याची परवानगी असेल तर, नोंदीत आणि निबंधातही यावे. आणि त्याच न्यायाने विद्यार्थ्याने केलेल्या कामावर विद्यार्थ्याचे नाव प्रथम यावे. निष्कर्ष हाती येताच ते मराठीत, एका पानावर, त्या गावाला परत द्यावेत, आणि पुढल्या पेरणीच्या आत द्यावेत, म्हणजे त्यांचा उपयोग होईल.

आपल्या हातून विद्यार्थी जितका पुढे जाऊ शकेल तितका गेला, की त्याला मोठ्या प्रयोगशाळेचा रस्ता मोकळा करून देणे हेही मार्गदर्शकाचेच काम आहे; त्याला आपल्याजवळ धरून ठेवण्यात काही भूषण नाही. पुणे विद्यापीठात १९८७ पासून जैवमाहितीशास्त्राचे केंद्र आहे, हैदराबादला पेशी व रेणवीय जीवशास्त्राची संस्था आहे, आणि देशातील तीन विज्ञान अकादम्या मिळून दरवर्षी दोन महिन्यांची उन्हाळी संशोधनवृत्ती देतात, जी विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांनाही मिळू शकते. शिफारसपत्रात 'मेहनती व प्रामाणिक' असे ठरीव शब्द लिहू नयेत. अमुक आलेखातील विसंगती याने स्वतः शोधली, अमुक आज्ञावलीतील दोष याने दुरुस्त केला, असे जे आपण डोळ्यांनी पाहिले तेच लिहावे, कारण अपरिचित महाविद्यालयातून आलेल्या अर्जाला त्या एका ओळीचाच आधार असतो. अर्जांची मुदत बहुधा हिवाळ्याच्या तोंडाशी, नेमकी धानकापणीच्या धांदलीत, येते. म्हणून पोळ्याच्या सुमारासच विद्यार्थ्याला समोर बसवून अर्जाचा मसुदा करावा, दाखल्यांच्या नकला काढून ठेवाव्यात, आणि घरच्या माणसांना दोन महिने मुलगी वा मुलगा परगावी राहील, तेथे राहण्या-जेवण्याची काय व्यवस्था आहे, हे स्वतः जाऊन समजावून सांगावे.